घरचे डुक्कर, वाळवलेले मांस आणि फेपरे

मागच्या आठवड्यात माझ्या धर्मापुरीच्या दवाखान्यात कोणीतरी कंपाउंडरच्या हाती एक चिठ्ठी ठेवून गेले. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेली, खाली नाव नाही. मजकूर असा : ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही पेपरात सगळ्या आजारांवर लिहिता. आमच्या घरी देवीच्या कार्याला डुक्कर कापतात. कार्य झाल्यावर उरलेले मटण मीठ-हळद लावून दोरीवर वाळवतो. यंदा मांसात पांढरे दाणे निघाले. म्हातारी म्हणते फेकून द्या. भावकीतले एकजण म्हणतात, ती चरबी आहे, काही होत नाही. थोडे शिजवले नाही, वाळत घातले आहे. खावे की नाही? आणि त्याने फेपरे येते म्हणतात ते खरे का?’

नाव का लिहिले नाही ते मला समजते. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पाहत आलो आहे. रोग्याला विचारले, काल काय खाल्ले, तर उत्तर येते ‘मटण’. कशाचे, असे विचारले की आवाज खाली जातो आणि नजर दाराकडे जाते. बाकावर बसलेले बाकीचे लोक ऐकत असतात ना! कोणाच्या चुलीवर काय शिजते त्यावर माणसाची किंमत ठरवण्याची आपल्याकडची जुनी खोड अजून गेलेली नाही. मी स्वतः डुकराचे मांस खात नाही, पण खाणाऱ्यात मला काही उणे दिसत नाही. जगात कोट्यवधी लोक ते खातात. पोषणाच्या दृष्टीने त्यात उत्तम प्रथिने आहेत आणि बी-१ हे जीवनसत्त्व तर इतर मांसापेक्षा जास्त आहे. तेव्हा आजचा लेख ‘खाऊ नका’ असे सांगण्यासाठी नाही.

आधी सरळ उत्तर देतो. ते दाणे चरबीचे नाहीत. शिजवलेले असो वा वाळत घातलेले, ते मांस आता खाऊ नका. गावाबाहेर कमरेएवढा खड्डा करा, त्यात पुरा, वर चुना टाका आणि माती घट्ट दाबा. उकिरड्यावर फेकू नका, नाहीतर दुसरी डुकरे आणि कुत्री ते उकरून काढतील. म्हातारीचे बरोबर होते. दाण्यांचा आणि फेपऱ्याचा संबंध आहे, हेही खरे. पण तो संबंध लोक समजतात तसा नाही, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

हे दाणे कसे दिसतात? उपासाच्या दिवशी साबुदाणा भिजत घालता ना, तो फुगल्यावर जसा दिसतो, हुबेहूब तसे. अर्धपारदर्शक, पाणी भरलेली इवलीशी पिशवी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी किंवा वाटाण्याएवढी, आणि आत एका बाजूला पांढरा ठिपका. चरबी बोटाने दाबली तर पसरते, तिला निश्चित आकार नसतो. हा दाणा सुरीच्या टोकाने अलगद बाहेर निघतो आणि फोडला तर पाणी येते. तो पांढरा ठिपका म्हणजे एका कृमीचे डोके. कृमीचे नाव पट्टकृमी. पायजम्याच्या नाडीसारखा चपटा, लांब, गाठीगाठीचा.

हे दाणे आणि तो लांब कृमी एकच, हे जगाला कळायला बराच काळ लागला. १८५५ मध्ये जर्मनीतील क्युखेनमायस्टर नावाच्या डॉक्टराने मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला जेवणातून हे दाणे खाऊ घातले आणि नंतर शवविच्छेदनात त्याच्या आतड्यात छोटे पट्टकृमी दाखवून दिले. आज असा प्रयोग कोणी केला तर त्याला तुरुंगात जावे लागेल, आणि ते योग्यच होईल. पण कोडे त्याने सुटले.

आता या कृमीचा फेरा नीट समजून घ्या, कारण सगळे मर्म त्यातच आहे. दाणे असलेले मांस कच्चे किंवा अर्धकच्चे माणसाच्या पोटात गेले की त्या ठिपक्यातून कृमीचे डोके बाहेर येते आणि आतड्याला चिकटते. दोन-अडीच महिन्यांत तो कित्येक हात लांब होतो. माणसाला बहुतेक वेळा काहीच कळत नाही. कधी पोट दुखते, कधी भूक बदलते, इतकेच. त्याच्या शेपटाकडचे पिकलेले तुकडे तुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. माणूस उघड्यावर बसला, डुकराने ती घाण खाल्ली, की अंड्यांतून निघालेले बारीक जीव डुकराच्या रक्तातून मांसात जाऊन बसतात. त्यांचेच दोन-तीन महिन्यांत दाणे होतात.

म्हणजे पाहा, मांसातला दाणा खाल्ला तर माणसाच्या पोटात कृमी होतो. दाण्याने फेपरे येत नाही. फेपरे येते ते अंडे पोटात गेल्याने. तीच अंडी डुकराऐवजी माणसाने गिळली तर माणसाच्या शरीराला काय ठाऊक की आपण डुक्कर नाही! ते बारीक जीव आपल्याही मांसात, कातडीखाली, डोळ्यात आणि मेंदूत जाऊन तसेच दाणे करून बसतात. मेंदूतला दाणा कित्येक महिने, कित्येक वर्षे गप्प राहतो. तो मरू लागला की भोवती सूज येते आणि एके दिवशी धडधाकट माणसाला झटका येतो. हिंदुस्थानात नोकरी करून विलायतेत परतलेल्या इंग्रज शिपायांना असे झटके येत, आणि त्यांतल्या ४५० रोग्यांचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी १९६१ मध्ये छापला. अनेकांना पहिला झटका इथून गेल्यावर काही वर्षांनी आला होता.

ही अंडी डुकराच्या मांसात नसतात, डुकराच्या विष्ठेतही नसतात. ती फक्त माणसाच्या विष्ठेत असतात. हे वाक्य कृपा करून दोनदा वाचा.

याचा अर्थ असा की डुकरात दाणे दिसले तर आपल्या आसपास एखाद्या माणसाच्या पोटात पट्टकृमी आहे, किंवा काही महिन्यांपूर्वी होता. त्या माणसाला स्वतःला पत्ता नाही. कदाचित तो घरचाच आहे, कदाचित स्वयंपाक करणाराच आहे. त्याच्या नखांतून, हातांतून अंडी घरातल्या लेकरांच्या ताटात जात आहेत, त्याच्या स्वतःच्याही तोंडात जात आहेत. डुक्कर बिचारे फक्त निरोप घेऊन आले आहे. आमच्यासारख्या गावात हा कृमी डोळ्यांना दिसण्याची एकच वेळ असते, ती म्हणजे डुक्कर कापण्याचा दिवस. म्हणून मी म्हणतो की सुरी धरणारा हा या रोगाचा पहिला डॉक्टर आहे. त्याने दाणे पाहून ते गुपचूप रश्श्यात टाकले तर माझ्यासारख्याच्या हाती पुढे काही उरत नाही.

तो दिवस कसा असावा याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. अशा कार्यांना मी शेजारधर्म म्हणून एक-दोनदा हजर राहिलो आहे, त्यामुळे अगदीच पुस्तकी बोलत नाही.

आजारी, लंगडत चालणारे, अंगावर लाल-निळे डाग आलेले जनावर कार्याला धरू नये. २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर नावाचा डुकरांचा रोग आला आहे. तो माणसाला होत नाही, पण कळपच्या कळप मारतो. असे जनावर दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. जनावराला आदल्या दिवशी खायला देऊ नये, पाणी मात्र भरपूर द्यावे. आतडी रिकामी असली तर पोट फाडताना घाण मांसावर सांडत नाही. त्याला पाय बांधून तासन्‌तास उन्हात किंचाळत ठेवण्याची जी पद्धत दिसते ती क्रूर तर आहेच, शिवाय तोट्याची आहे. घाबरलेल्या, दमलेल्या जनावराचे मांस लवकर नासते. नगरपालिका हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापू नये, असा २००१ चा केंद्राचा नियम आहे, हेही शहरातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कापायची वेळ पहाटेची. आपल्याकडच्या उन्हात दुपारी मांस उघडे राहिले तर त्यातले जंतू दर वीस-पंचवीस मिनिटांना दुप्पट होतात. केस काढताना खळखळ उकळते पाणी ओतू नये. त्याने केस सुटण्याऐवजी घट्ट बसतात. हात क्षणभरच सहन करील इतके गरम पाणी पुरते. पोट फाडण्याआधी शौचाची जागा दोरीने घट्ट बांधून घ्यावी, आणि आतडी धुण्याची जागा मांसाच्या जागेपासून लांब ठेवावी. ज्याच्या हातावर फोड, नखुरडे किंवा पिकलेली जखम आहे त्याने त्या दिवशी सुरीला हात लावू नये. त्या पुवातले जंतू मांसावर वाढून जे विष तयार करतात, ते नंतर कितीही उकळले तरी मरत नाही. जेवणानंतर दोन-चार तासांत पंगतीची पंगत ओकू लागते ती बहुतेक यामुळे, आणि नाव मात्र बाहेरच्या बाधेचे होते.

मग मांसाची तपासणी. आधी जीभ ओढून तिच्या खालची बाजू पाहा. अनुभवी लोक तर जिवंत डुकराची जीभ बाहेर काढून खालून बोट फिरवतात आणि गाठी लागल्या तर जनावर घेत नाहीत. हे शहाणपण जगभरच्या डुक्कर पाळणाऱ्यांत आहे. पण जीभ साफ असली म्हणजे जनावर साफ, असे नाही. म्हणून काळजाशेजारचे हृदय चिरून पाहा, गालाचे मांस, खांद्याचे, मांडीच्या आतल्या बाजूचे, छाती-पोटामधल्या पडद्याचे, अशा जागी दोन-दोन चिरा देऊन उजेडात नीट बघा. दाणे सापडले तर ‘इतके पैसे गेले’ म्हणून मन कच्चे करू नका. डुकराची किंमत एका सीटी स्कॅनच्या आणि वर्षभराच्या औषधांच्या खर्चापुढे काहीच नाही.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगतो. मोठ्या हंड्यातल्या रश्श्यात नाही! तो तासभर रटरटतो, त्यात कृमी जगत नाही. धोका आहे तो कापाकापी चालू असताना बाजूला पेटवलेल्या निखाऱ्यांवर. काळजाचा, मांडीचा एखादा तुकडा मीठ लावून निखाऱ्यावर टाकतात, बाहेरून काळा झाला की उचलतात. आत तो गुलाबीच असतो. मोठी माणसे दारूबरोबर खातात आणि भोवती जमलेल्या पोरांच्या हातावरही एकेक ठेवतात. पट्टकृमी असा पोटात जातो. मांसाचा मधला भाग पूर्ण शिजून करडा झाला पाहिजे, त्यातून लाल पाणी येता कामा नये. लिंबाएवढे तुकडे करून पाणी उकळू लागल्यापासून पाऊण तास शिजवले तर चिंता नाही. बर्फाच्या कपाटात शून्याखाली १५ अंशांवर सलग तीन दिवस ठेवल्यानेही दाणे मरतात, पण आपल्याकडची वीज सलग तीन दिवस राहील याची खात्री मी देऊ शकत नाही.

आता वाळवण्याचे. मराठवाड्यात मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर वाळवून ‘चान्या’ करण्याची रीत जुनी आहे. गरिबाच्या घरी मांस रोज मिळत नसे, मिळाले तर एकदम मिळे, म्हणून ते टिकवण्याची ही युक्ती. शाहू पाटोळे यांच्या २०१५ साली आलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजांच्या अशा खाण्याविषयी वाचायला मिळते. चान्या मुख्यतः मोठ्या जनावराच्या मांसाच्या. डुकराच्या मांसाला तीच रीत लावली तर दोन अडचणी येतात. एक, त्याची चरबी वाळत नाही, ती खवट होते. म्हणून वाळवायला फक्त लाल मांस घ्यावे आणि चरबी वेगळी कढवून घ्यावी. दुसरी अडचण हवेची. वैशाखाच्या उन्हात पातळ पट्टी दोन-तीन दिवसांत लाकडासारखी कडक होते, आषाढात ती तशीच ओलसर, बुळबुळीत राहते आणि माशा तिच्यावर अंडी घालतात. पावसाळी हवेत वाळवण्याच्या फंदात पडू नये.

मिठाने कृमी मरतो का? भरपूर मीठ, पातळ पट्टी आणि पुरेसे दिवस असे तिन्ही जुळले तर मरतो. पण आपण मीठ मुठीने घालतो, पट्टी कुठे बोटभर जाड तर कुठे कागदासारखी, आणि पाहुणा आला की दुसऱ्याच दिवशी दोरीवरून काढतो. मेला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून मीठ आणि ऊन हे मांस टिकवण्याचे उपाय समजावेत, कृमी मारण्याचा उपाय म्हणजे चूल. ज्यांना वाळवायचेच आहे त्यांनी निर्दोष मांस घ्यावे, करंगळीपेक्षा पातळ पट्ट्या कराव्यात, किलोला शंभर ग्रॅमच्या आसपास मीठ मोजून लावावे, वर दडपण ठेवून रात्रभर सुटलेले पाणी काढून टाकावे, मग मच्छरदाणीच्या जाळीखाली उन्हात टांगावे, आणि खाताना भिजवून, पाणी बदलून, पूर्ण शिजवावे.

हे काम गोव्याच्या ख्रिस्ती घरांत फार विचाराने केले जाते. तिथे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मिठात दाबून पाणी काढतात. मग लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यात मुरवतात, काहीजण थोडी फेणीही घालतात. नंतर स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून, दोऱ्याने गाठी मारून, माळेसारखे उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगतात. त्याला चोरीस म्हणतात. पावसाळ्यासाठी जी बेगमी करतात, तिला पुरुमेंत म्हणतात, आणि त्यात या माळा असतातच. तिथे मीठ, आंबट, धूर आणि ऊन असे चार पहारेकरी आहेत. एवढे असूनही खाण्यापूर्वी ते कांद्याबरोबर चांगले शिजवतात, ही गोष्ट लक्षात घ्या.

मात्र कोणाचे ऐकून मांसात सोरा घालू नका. कारखान्यांत तो मोजून, मिलिग्रॅमच्या हिशेबाने घालतात, चिमटीच्या अंदाजाने नाही. जास्त झाला तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. तसेच ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी खारवलेले मांस जिभेपुरतेच घ्यावे. खारवलेले, धुरावलेले मांस रोज खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले आहे. वर्षातून दोनदा कार्याला खाणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये.

आता फेपऱ्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी एक माळकरी कुटुंब नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. वर्गात फळ्याजवळ उभा असताना पोराचा उजवा हात उडू लागला, मग तोंड वाकडे झाले आणि तो कोसळला. पोरांनी नाकाला चप्पल लावली, कांदा फोडला. त्याआधी एका देवऋष्याकडे दोन वाऱ्या झाल्या होत्या. मी मुलाला पुढे पाठवले. स्कॅनमध्ये मेंदूत एक छोटे कडे दिसले, कृमीच्या मरणाऱ्या दाण्याचे. मी आजीला समजावून सांगू लागलो तर ती ताडकन उठली. म्हणाली, ‘डाक्टर सायब, आमच्या घरात कांदा-लसूण बी चातुर्मासात शिजत न्हाई, अन्‌ तुमी डुकराचा किडा म्हन्ता?’ मी म्हटले, ‘मावशी, बसा. लेकराने मांस खाल्ले असे मी म्हणत नाही. त्याने कोथिंबीर खाल्ली असेल.’

तेच खरे होते. नालीच्या पाण्यावर वाढवलेली कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर, ज्या मातीत माणसाची घाण मिसळते त्या मातीची अंडी अंगाला चिकटवून बाजारात येतात. पत्तागोबीत किडा असतो आणि तो मेंदूत चढतो, अशी एक समजूत आहे. पत्तागोबी निर्दोष आहे, तिच्या पानांत अडकलेली माती दोषी. न्यूयॉर्कच्या कडव्या ज्यू वस्तीतले चार रोगी १९९२ मध्ये जगभर गाजले. धर्माने डुकराचे मांस वर्ज्य, पिढ्यान्‌पिढ्या कोणी शिवलेले नाही, तरी मेंदूत हेच दाणे. शोध घेतला तेव्हा संशय गेला तो घरकामाला असलेल्या बायकांवर. त्या ज्या देशांतून आल्या होत्या तिथे हा कृमी आढळतो, आणि एकीच्या बाबतीत तो प्रत्यक्ष सापडलाही. ती बाई बिचारी निर्दोषच. तिला काय माहीत की आपल्या पोटात काय आहे!

त्या मुलाची बातमी गावात फिरली आणि जे व्हायचे तेच झाले. चार शहाणे लोक म्हणू लागले की डुक्करवाल्यांची आळी उठवा, यांच्यामुळे पोरांना फेपरे येते. माझ्याकडेही आले, ‘तुम्ही लिहून द्या’ म्हणून. मी लिहून दिले नाही. उलट त्यांना विचारले, ‘तुमच्या घरच्या संडासाचा पाईप कुठे सोडलाय?’ दोघांचा नालीत होता. ज्या नालीत डुकरे लोळतात, त्याच नालीत. अंडे माणसाचे, नाली गावाची आणि दोष मात्र डुकराचा व त्याच्या मालकाचा! डुकरे मोकाट सोडू नयेत, बांधून, घरचे शिजवलेले खाणे घालून पाळावीत, हे मी त्या आळीतही जाऊन सांगितले, आणि काहींनी ऐकले. पण नुसती डुकरे बांधून भागत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आहे, २०१४ पासून देशभर मोहीम झाली, घरोघर शौचालये बांधली गेली. काहींत आजही सरपण आणि कडब्याच्या पेंढ्या ठेवलेल्या मी डोळ्यांनी पाहतो. आणि जे वापरात आहेत त्यांतल्या काहींना शोषखड्डा नाही.

झटका आला तर काय करावे? रोग्याला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, आसपासचे दगड-विळे बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. चप्पल-कांद्याने झटका थांबत नाही, तो बहुतेक वेळा आपोआपच दोन-तीन मिनिटांत थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांवर लांबला तर वाहन बघा आणि थेट रुग्णालय गाठा. पहिल्या झटक्यानंतर तपासणी करून घेणे जरुरीचे आहे. आपल्या भागात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. १९९१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉ. चंडी आणि डॉ. राजशेखर यांनी दाखवून दिले की आपल्याकडच्या रोग्यांत स्कॅनवर दिसणारी ही छोटी कडी बहुतेक क्षयाची नसून कृमीच्या दाण्याची असतात. त्यापूर्वी कित्येक रोग्यांना उगाच क्षयाची औषधे चालत. आता झटके थांबवणारी गोळी, सूज कमी करणारे औषध आणि गरज असेल तर कृमीवरचे औषध अशी सोपी चिकित्सा आहे. त्या माळकरी मुलाला औषध सुरू केल्यापासून पुन्हा झटका आला नाही. यंदा तो दहावीला आहे.

एक कळकळीची सूचना. हा लेख वाचून कोणी मेडिकलमधून अल्बेंडॅझोलच्या गोळ्या आणून आपल्या मनाने कोर्स करू नये. मेंदूत दाणे असतील तर ते एकदम मरताना सूज वाढून झटके येऊ शकतात, डोळ्यात दाणा असेल तर दृष्टी जाऊ शकते. शाळेत वर्षातून दोनदा जी एक गोळी देतात ती जंतांसाठी चांगली आहे, मुलांना जरूर घेऊ द्या, पण तेवढ्याने पट्टकृमी खात्रीने जात नाही. त्याचे औषध वेगळे आहे आणि ते रोग्याला विचारून-तपासून द्यावे लागते.

पालेभाजी वाहत्या पाण्यात निदान तीन वेळा, पान-पान सुटे करून धुवा. लाल औषधाच्या पाण्यात बुडवून ही अंडी खात्रीने मरत नाहीत, ती धुऊनच काढावी लागतात. शिजवल्यावर मरतात. शौचाहून आल्यावर आणि पीठ मळण्यापूर्वी साबणाने हात धुणे, नखे कापणे, हे तर दर लेखात लिहितो. कंटाळा आला तरी पुन्हा लिहितो.

चिठ्ठी लिहिणाऱ्या भाऊंना निरोप : मांस पुरले असेलच. आता घरातल्या सगळ्यांना, म्हातारीसह, घेऊन दवाखान्यात या. शौचात पांढरे, चपटे, नाडीच्या तुकड्यांसारखे काही कोणाला दिसले आहे का, हे घरी मोकळेपणाने विचारा, लेकरांनाही विचारा. कोणाला कधी झटका आला असेल, सतत डोके दुखत असेल, कातडीखाली वाटाण्याएवढ्या गाठी लागत असतील तर तेही सांगा. तीन वेगवेगळ्या दिवसांचे शौचाचे नमुने झाकणाच्या डबीत आणावे लागतील, डब्या कंपाउंडरकडे ठेवल्या आहेत. दुपारी चारनंतर या, तेव्हा बाकावर कोणी नसते. नाव विचारणार नाही.